खांद्याच्या खाली

शुक्रवारी दुपारी सव्वाचारला क्लिनिकमधल्या नर्सनं फोनवर विचारलं, "घरी ड्रेन्स कोण रिकामे करणार?" फोन जेवणाच्या टेबलावर, स्पीकरवर ठेवलेला होता. स्वानंद म्हणाला, "माय डॅड." तिनं विचारलं, "त्यांनी हे आधी कधी केलंय का?" राजननं पेन खाली ठेवलं, फोनकडे किंचित वाकला आणि म्हणाला, "येस. फॉर माय वाइफ." नर्स म्हणाली, वंडरफुल, मग तुम्हाला सगळं माहीतच आहे. स्वानंदनं टेबलावरून हात लांब करून बापाच्या मनगटावर दोन बोटं आपटली. "ही इज अ प्रो," तो म्हणाला. राजनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पुढची दहा मिनिटं नर्स जे काही बोलली ते त्यानं लिहून घेतलं. छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असेल, तिच्या टोकाला मऊ प्लास्टिकचा चेंडू असेल, जखमेतलं पाणी त्यात साठेल. ते दिवसातून दोनदा ओतायचं, मोजायचं, तक्त्यात भरायचं. आजपासून लसणाच्या आणि हळदीच्या गोळ्या बंद. राजननं विचारलं, वरणातली हळद? नर्स हसली आणि वरणातली चालेल म्हणाली. सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. घरी येताना गाडीच्या पट्ट्याखाली छोटी उशी. यादी दीड पानाची झाली. फोन बंद झाल्यावर स्वानंद आपल्या खोलीत गेला आणि राजन त्या दीड पानाकडे बघत बसला. त्यानं चित्राचे ड्रेन्स कधीच रिकामे केले नव्हते.

शस्त्रक्रिया अठरा नोव्हेंबरला होती, म्हणजे अकरा दिवसांनी. मुलगी म्हणून जन्मलेल्या शरीरानं वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी स्वानंदच्या छातीवर जे लादलं होतं, आणि जे तो गेली दहा वर्षं घट्ट पट्ट्यात आवळून, उन्हाळ्यातही जाड शर्टाखाली ठेवून वावरत होता, ते काढलं जाणार होतं. स्वानंद सत्तावीस वर्षांचा. व्हँकुव्हरला सिनेमांच्या व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम करायचा, दाढी ठेवायचा, आणि कोक्विटलामच्या कॉन्डोत अकराव्या मजल्यावर बापाबरोबर राहायचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं नवं नाव घेतलं तेव्हा राजनला एवढंच सांगितलं होतं, की नागपूरच्या लोकांना कधी सांगायचं ते तू ठरव. नाही सांगितलंस तरी चालेल. पण माझ्याबद्दल खोटं बोलू नकोस. राजननं ते पाळलं होतं. म्हणजे, त्यानं सांगितलं नव्हतं. फोटो पाठवणं बंद केलं. फोनवर पलीकडून कुणी आवाज ऐकून विचारलंच तर घसा बसलाय म्हणाला होता, आणि तो घसा सहा वर्षं बसलेलाच होता. हे खोटं धरायचं की नाही याचा त्यानं विचार केला नव्हता. जुनं नाव मात्र त्यानं सोडलं. ते चित्रानं ठेवलेलं होतं, आणि ते सोडताना आपण कुणाचं तरी काहीतरी परत करतो आहोत असं त्याला काही दिवस वाटत राहिलं.

ड्रेन्सचं खोटं त्याहून जुनं होतं. २०१२ साली ते दोघं इकडे आले, तेव्हा एका घराच्या तळघरातल्या भाड्याच्या बेसमेंट सूटमध्ये राहायचे. एकदा जेवताना मुलानं विचारलं होतं, आईचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचं सगळं कोण करायचं? राजन म्हणाला, "मी." वरण-भाताचा घास तोंडात असताना निघालेला एक शब्द. मुलानं पुढं विचारलं, सगळं म्हणजे काय? मग राजननं नळ्या सांगितल्या, चेंडू सांगितले, मोजून वहीत लिहायचं सांगितलं, नळी दोन बोटांत धरून वरून खाली कशी निपटायची तेही हवेत करून दाखवलं. नंतर ती गोष्ट अनेकदा सांगितली गेली. चित्राच्या तिथीला, हायस्कूलच्या एका निबंधाच्या वेळी, एकदा तर ऑफिसातल्या पार्टीत. दरवेळी एखादा तपशील वाढायचा. तपशील खरे होते. स्टीलचा कुंडा खरा होता, वहीतली निळ्या शाईची ओळ खरी होती. फक्त हात सीमाचे होते. सीमा म्हणजे चित्राची धाकटी बहीण. ऑपरेशननंतर दीड महिना ती त्यांच्या घरी येऊन राहिली होती. राजन पॅसेजमध्ये असायचा. नागपूरचा मे महिना, खिडकीत घुरघुरणारा कूलर, वाळ्याचा ओला वास, त्यात डेटॉल. खोलीचं दार बंद, आतून कडी. आतून सीमाचा आवाज यायचा, ताई, हात जरा बाजूला घे. मग कुंडा फरशीवर टेकल्याचा आवाज. तो हातात पेपर धरून उभा राहायचा आणि कुंड्याचा आवाज झाला की स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा. आठव्या दिवशी चित्रा पलंगावर बसली होती, गाऊनच्या वरच्या बटणाला हात लावून म्हणाली, "अहो, एकदा बघून घ्या." तो म्हणाला, "उद्या बघतो. आज टाके ओले आहेत." टाके ओले असण्याचा आणि बघण्याचा काही संबंध नव्हता. ती बरं म्हणाली. त्यानंतर ती चौदा महिने जगली आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता, स्वानंद झोपलेला असताना, राजननं बाल्कनीत जाऊन सीमाला फोन लावला. नागपुरात रात्रीचे साडेआठ वाजले होते. बाल्कनीचं सरकतं दार त्यानं मागे ओढून घेतलं. मालिकेचा आवाज पलीकडून येत होता, तो सीमानं कमी केला. हवापाणी झालं, गुडघे झाले. मग राजन म्हणाला, "सीमा, एक विचारायचं होतं. चित्राच्या वेळी ते ड्रेन तू कसे रिकामे करायचीस? नेमकं. पहिल्यापासून सांग."

"आता काहून विचारून राहिले, भाऊजी?"

खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी मागे येत होती, तिचं टुं-टुं ऐकू येत होतं. सीमाच्या श्वासात फरक पडला. तिनं जुनं नाव घेतलं, आणि विचारलं, "तिला पण?"

दोन-तीन सेकंद गेले असतील. पाण्याच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काम केलेल्या माणसाला, आधी नागपुरात आणि मग इथं, दोन-तीन सेकंद किती मोठे असतात ते माहीत होतं. थेंब पडतो, रंग पालटतो, आणि मग पालटलेलाच राहतो. सीमानं विचारलं, "कोणत्या बाजूला?" आणि राजन म्हणाला, "दोन्ही." शब्द खरा होता. पलीकडे सीमा मोठ्यानं रडायला लागली. राजनला वाटलं, आता सांगावं. पण तिचं रडणं सोळा वर्षांपूर्वीच्या रडण्यासारखंच होतं, त्यातला श्वास तुटण्याचा आवाजही तोच, आणि ते थांबेपर्यंत सांगता येणार नव्हतं. थांबल्यावर तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "घ्या लिहून." मग वीस मिनिटं तिनं त्याला शिकवलं. आधी हात धुवा, कोपरापर्यंत. नळी कातडीपाशी एका हातानं घट्ट धरा, म्हणजे ओढ टाक्याला बसत नाही. दुसऱ्या हातानं निपटत खाली या. झाकण उघडलं की आतला भाग बोटाला लागू देऊ नका. ओतून झालं की चेंडू पिळून चपटा करा आणि चपटा असतानाच झाकण लावा. तिच्याकडे बघत बोला, नळीकडे बघत नका बोलू. हे शेवटचंही त्यानं लिहून घेतलं. कुणाला सांगणार नाही म्हणून सीमानं आपणहून शपथ घेतली. ती शपथ राजननं फारशी मनावर घेतली नाही, पण तो 'बरं' म्हणाला.

त्या दिवशी आणि रविवारी त्यानं स्वयंपाकघर खाली उतरवलं. पोळ्यांचा डबा, पेले, चहा-साखर, औषधांचा ट्रे, मायक्रोवेव्हमधल्या काचेच्या वाट्या, जे जे वरच्या कपाटात होतं ते ते ओट्यावर किंवा खालच्या कप्प्यात आलं. त्यानं स्वानंदला उभं केलं, त्याच्या खांद्याची उंची टेपनं मोजली, एकशे एकतीस सेंटीमीटर, आणि भिंतीवर पेन्सिलीनं बारीक खूण केली. त्या खुणेच्या वर काही नको. "बाबा, तू नर्सिंग होम उघडतोयस का?" स्वानंद म्हणाला. पोर्ट मूडीतल्या एका म्हाताऱ्या बाईकडून राजननं जुनी रिक्लायनर आणली होती, कारण पहिले काही आठवडे पाठीवर, अर्धवट बसून झोपायचं होतं. खुर्चीला मांजराचा वास होता. "हिच्यात कोणी मेलं तर नाही ना? आस्क केलंस का?" राजन म्हणाला, "मांजर मेलं असेल फार तर." स्वानंद हसला आणि खुर्चीत पसरून रिमोटनं पाय वर-खाली करत बसला. लांब चार्जर, वाकणाऱ्या स्ट्रॉ, पुढून बटणांचे पाच शर्ट, ओले वाइप्स, गोळ्यांबरोबर खायला खारी बिस्किटं. राजननं डाळीचे, मऊ खिचडीचे, दुधीच्या भाजीचे डबे गोठवले आणि झाकणांवर तारखा चिकटवल्या. हे सगळं करताना त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटताना मधूनच तो थांबत होता. चित्राच्या स्वयंपाकघरात फळ्या छतापर्यंत होत्या. कुणी काही खाली आणलं नव्हतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात तो पाणी प्यायला आत गेला, तेव्हा ती लाकडी स्टुलावर उभी राहून उजव्या हातानं रव्याचा डबा काढत होती. डावा हात अंगाशी धरलेला, जसा एखाद्यानं काखेत थर्मामीटर धरावा. त्यानं डबा काढून दिला होता का? आठवत नव्हतं. डब्याचा रंग आठवत होता. आता, खालच्या कप्प्यात पेले लावताना, आपल्या मागे कुणीतरी स्टूल ओढलं असं त्याला वाटलं. त्यानं वळून बघितलं नाही. स्वानंद पलीकडच्या खोलीत होता, आणि घरात लाकडी स्टूल नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी, चौदा तारखेला, राजन सहा वाजता कामावरून आला. स्वानंद ओट्याला टेकून उभा होता, फोन हातात. "सीमामावशीचा व्हॉइस मेसेज आलाय," तो म्हणाला. "ऐक." त्यानं बटण दाबलं. सीमाचा आवाज स्वयंपाकघरात आला, फार जवळ, जणू फ्रिजच्या मागून. बाळा, मावशी बोलून राहिली. मला समजलं सगळं. घाबरायचं नाही बिलकुल. तुझ्या आईचं उशिरा समजलं, तुझं टायमावर सापडलं. दोन्ही काढतात ते चांगलंच, मुळासकट जाते. केस गेले तर परत येतात, तुझ्या आईचे पण येऊन राहिले होते शेवटी शेवटी. मी सोळा सोमवार बोलले आहे. मेसेज संपला. स्वानंदनं दाढीवरून हात फिरवला.

"बाबा, मला कुठला कॅन्सर झालाय?"

"मी तिला तसं सांगितलं नाही. तिनं विचारलं, कोणत्या बाजूला. मी म्हणालो, दोन्ही."

"आणि मग?"

"मग ती रडायला लागली."

"अँड यू लेट हर." त्याचा आवाज चढला नाही. "म्हणजे नागपुरात मी मरतोय. आणि दॅट इज ईझियर. मरणारी मुलगी सांगायला सोपी, मी सांगायला अवघड."

"तसं नाही, स्वानंद."

"कसं आहे मग? वन थिंग मागितली होती मी तुझ्याकडे. एकच." त्यानं फोन ओट्यावर पालथा ठेवला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "पण थांब. तू तिला फोन केलासच कशाला? ड्रेन्सबद्दल विचारायला? तुला तर येतं ना सगळं."

राजनच्या अंगावर अजून जॅकेट होतं. चेन अर्धी उघडलेली होती आणि त्याचा हात तिथंच होता. फ्रिजची मोटर चालू झाली. "मला येत नाही," तो म्हणाला. "आईचं सगळं सीमा करायची. मी बाहेर पॅसेजमध्ये असायचो. मी बघितलंच नाही कधी."

"कधीच?"

"एकदाही नाही. तिनं सांगितलं होतं बघायला."

राजनला वाटलं, स्वानंद ओरडेल; ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खूप हळू म्हणाला, "आय पिक्ड यू बिकॉज ऑफ दॅट. इतर कुणाला ही गोष्ट ऐकून रडू यायचं, मला हेवा वाटायचा. आईला हे मिळालं, मलाही मिळेल असं." मग तो खोलीत गेला. दार आपटलं नाही. दहा मिनिटांनी बाहेर आला आणि सांगितलं, की क्रिस्टाशी बोललो. ती येईल, सकाळ-संध्याकाळ ड्रेन्स ती करेल. तू फक्त ड्राइव्ह कर. क्रिस्टा त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण. फिल्मच्या सेटवर काम करायची, तिच्याकडे फर्स्ट एडचं सर्टिफिकेट होतं. राजन बरं म्हणाला. बरं म्हणताना त्याला चित्राचं 'बरं' ऐकू आलं, त्याच पट्टीतलं.

रविवारी सकाळी त्यानं पुन्हा सीमाला फोन लावला. या वेळी बाल्कनीत गेला नाही. जेवणाच्या टेबलाशी बसला, स्वानंदच्या खोलीचं दार उघडं असताना. त्यानं एका दमात सांगितलं. कॅन्सर नाही, काहीच झालेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे. ती आता मुलगा आहे, सहा वर्षं झाली, औषधं चालू आहेत, आणि हे ऑपरेशन त्यासाठी आहे. मग फोन कटला का म्हणून त्यानं तो कानावरून काढून बघितला.

"मग चांगलं असून काढून काहून राहिले?" सीमा म्हणाली.

"त्याला ते त्याचं वाटत नाही, सीमा. कधीच वाटलं नाही."

"आणि मला सांगितलं कॅन्सर!"

"मी सांगितलं नाही. तू तसं समजलीस, मी गप्प बसलो."

"गप्प बसण्यात तुमचा हात कोणी धरू शकत नाही, भाऊजी. आठ दिवस माझ्या घशाखाली घास नाही. सोळा सोमवार बोलून बसले मी! आता एक झाला, पंधरा कुणाच्या नावानं करू?" मग आवाज उतरला. "तेव्हा पण तसेच. पॅसेजमध्ये उभे, पेपर घेऊन. वाचत पण नव्हते, उलटा धरला होता एकदा."

"दार बंद असायचं," राजन म्हणाला.

"कोणतं दार?"

"खोलीचं. तुम्ही आतून कडी लावायच्या."

"नाही हो," सीमा म्हणाली, आणि तिच्या आवाजातला राग अचानक गेला, जणू ती समोरच्या माणसाचा ताप बघत होती. "दार उघडंच असायचं. ताई म्हणायची, लोटून घेऊ नको, ते बाहेर आहेत. यायचं असलं तर येतील. मी एवढी फट ठेवायची, हातभर. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. कडी नंतरची आहे, भाऊजी. ताई म्हणाली, आता लावून घे. ते उद्या बघतो म्हणाले." मग सीमानं विचारलं, "नाव काय ठेवलं म्हणता?" "स्वानंद." ती ते एकदा स्वतःशी म्हणाली. "त्याला सांगा, मावशी... नाही, राहू द्या. मीच बोलीन. आता नाही. आता मला काही सुचून नाही राहिलं."

फोन ठेवल्यावर राजन बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिला, म्हणजे समोरच्या भिंतीकडे. इतकी वर्षं त्याच्याकडे एक बंद दार होतं. त्यावर हिरवा ऑइलपेंट होता, कडीपाशी बोटांचे काळे डाग होते, आणि ते बंद होतं म्हणून तो बाहेर होता. आता ते सरकून हातभर उघडलं, आणि त्या फटीतून काय दिसतं ते त्याला आठवेना, कारण त्यानं तिकडे बघितलेलं नव्हतं. कूलरचा आवाज आठवला. कुंड्याचा आठवला. आपल्या पाठीवर कुणाची तरी नजर होती का, हेही आठवायचा त्यानं प्रयत्न केला. स्वानंदच्या खोलीत खुर्ची हलली. तो ऐकत होता की नव्हता, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

अठरा तारखेला सगळं वेळेवर झालं. सकाळी सहाला सोडलं, दुपारी दोनला आणलं. गाडीच्या पट्ट्याखाली उशी धरून स्वानंद डोळे मिटून बसला होता, ओठ कोरडे, आणि प्रत्येक लाल दिव्याला राजन इतक्या हळू थांबवत होता, की मागचे हॉर्न देत होते. घट्ट जाकिटासारख्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी नळ्या खाली आल्या होत्या. क्रिस्टा संध्याकाळी आली, हात धुतले, स्वानंदच्या खोलीत गेली. दार उघडं होतं. राजन पॅसेजमध्ये उभा राहिला, या वेळी दाराकडे तोंड करून, पण आत गेला नाही, कारण त्याला बोलावलं नव्हतं. तक्ता फ्रिजवर लावलेला होता. क्रिस्टाचं अक्षर गोल होतं. डावी पंचावन्न मिलिलिटर, उजवी साठ. दुसऱ्या दिवशी पस्तीस, चाळीस. रात्री रिक्लायनरच्या मोटरचा आवाज आला की तो उठून पाणी देऊन यायचा, स्ट्रॉ वाकवून ओठांपाशी धरायचा. स्वानंद थँक्स म्हणायचा, जसं नर्सला म्हणावं.

शुक्रवारी संध्याकाळी क्रिस्टाचा फोन आला, शूटिंग लांबलंय, दहाच्या आधी सुटका नाही. स्वानंदनं हाक मारली, "बाबा." राजन दारात आला. "तुला करावं लागेल. यू डोन्ट नो हाऊ."

"सीमानं लिहून दिलंय."

"त्या कॅन्सरवाल्या कॉलमध्ये?"

"हो. त्यातच."

स्वानंदच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "ओके. मग वापर ते. काहीतरी उपयोग होऊ दे."

राजननं कोपरापर्यंत हात धुतले. खिशातला कागद उशीवर उघडून ठेवला. नळी कातडीपाशी धरली. कातडी गरम होती, आणि तिला औषधाचा जो वास होता तो त्याला पॅसेजमधून माहीत होता, फक्त इतक्या जवळून नव्हता. त्यानं नळी सोडून पुन्हा धरली. "आर यू ओके?" स्वानंदनं विचारलं. राजननं नळीवरून नजर काढली, मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही. पण करतो." त्यानं निपटलं, झाकण उघडलं, मापाच्या पेल्यात ओतलं, गुडघ्यावर बसून डोळा पातळीला आणला. डावी अठरा. उजवी बावीस. दोनदा बघून मग लिहिलं. स्वानंद म्हणाला, "क्रिस्टा उभ्यानंच वाचते." राजन म्हणाला, "मग तिचे आकडे दोन-तीन चुकीचे असतील." त्या रात्रीपासून ड्रेन्स त्याच्याकडे आले. कुणी तसं ठरवलं नाही.

सोमवारी, चोवीस तारखेला, क्लिनिकमध्ये पट्टे निघणार होते. लहान खोली, कागद अंथरलेलं टेबल, भिंतीवर आरसा. नर्सनं आधी नळ्या काढल्या; स्वानंदनं दात आवळले. मग तिनं जाकिटाची पुढची हुकं सोडली आणि आतली ड्रेसिंग्ज एका कडेनं सोलायला घेतली. स्वानंदनं डोळे घट्ट मिटले. त्याचे हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते, बोटांची पेरं पांढरी. "एवढी वर्षं वाट बघितली आणि आता बघवत नाही," तो म्हणाला. "बाबा. तू आधी बघ. मला सांग." आणि एक श्वास घेऊन, "खोटं नको बोलूस. वाईट असेल तर वाईट सांग."

राजन भिंतीपाशी उभा होता. त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये दोन पावलं होती. त्याच क्षणी त्याला वाटलं, की आता खोलीत कूलरचा आवाज सुरू होईल, वाळ्याचा वास येईल, आणि तो पुढे झाला की त्या टेबलावर दुसरंच कुणीतरी असेल, बटणाला हात लावून. तो पुढे झाला. स्वानंदच होता. चित्रा तिथं नव्हती. ती कशी दिसायची हे त्याला आता कुठेच बघायला मिळणार नव्हतं. त्यानं चष्मा पुसला, घातला, वाकला.

"सपाट आहे," तो म्हणाला.

"खरंच?"

"पूर्ण. दोन रेघा आहेत, आडव्या. डावी सोळा-सतरा सेंटीमीटर, उजवी थोडी जास्त. कडा जुळलेल्या आहेत. सूज आहे, उजवीकडे अधिक. काखेच्या खाली पिवळं-जांभळं झालंय, तळहाताएवढं. खपल्या काळ्या आहेत, त्या बघून तू घाबरशील. डावीकडची उजवीपेक्षा किंचित वर आहे. अर्धा सेंटीमीटर असेल."

नर्सला मराठी येत नव्हतं, पण तिनं आवाजावरून ओळखलं असावं. ती इंग्रजीत म्हणाली, सूज उतरली की सारखं होईल. "मला आत्ता जे दिसतंय ते सांगतोय," राजन तिला इंग्रजीतच म्हणाला. त्याच्या चष्म्याची काच धुरकट झाली होती. त्यानं तो काढला नाही. स्वानंदच्या बंद पापण्यांखालून पाणी कानाकडे गेलं. मग त्यानं डोळे उघडले आणि आरशाकडे न बघता आधी बापाच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, काहीतरी तपासून घ्यावं तसं. "ओके," तो म्हणाला, "आय बिलीव्ह यू." नर्सनं नवी पट्टी हातात घेतली होती. "आर वी गुड, डॅड?" तिनं विचारलं, म्हणजे झाकू का.

"थांबा," राजन म्हणाला. "मी अजून बघतोय."